मैल की तास? : वैमानिकांच्या पगाराचा जुना तंटा

सांताक्रूझ विमानतळाजवळच्या एका कचेरीत मी एकोणतीस वर्षे पगारपत्रके केली. त्या एकोणतीस वर्षांत विमानात बसण्याचा योग मोजून चार वेळा आला. वैमानिकांचे तास मात्र किती मोजले याला गणती नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उड्डाणांचे अहवाल गठ्ठ्यांनी येत. त्यातल्या बाकीच्या मजकुराशी आम्हाला कर्तव्य नसे. आम्ही दोनच रकाने बघायचो : ‘चोक्स ऑफ’ आणि ‘चोक्स ऑन’.

विमान उभे असताना ते हलू नये म्हणून चाकांपुढे-मागे ठोकळे लावतात. ठोकळे काढून विमान हलले की घड्याळ सुरू होते. मुक्कामी पोचून पुन्हा ठोकळे लागले की थांबते. या मधल्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि वैमानिकाच्या पगारातला मोठा हिस्सा या साध्या वजाबाकीतून निघतो. तो विमानतळावर किती आधी आला, हवामानाचे कागद वाचण्यात, इंधन किती घ्यायचे ते ठरवण्यात, विमानाभोवती फेरी मारून ते तपासण्यात त्याचा किती वेळ गेला, दोन उड्डाणांच्या मध्ये तो परक्या गावी किती ताटकळला, हे त्या वजाबाकीत येत नाही.

एका जुलैत माझ्या टेबलावर एक अहवाल आला. चोक्स ऑफ सकाळी ६.१०, चोक्स ऑन ८.००. निघाल्याचे ठिकाण मुंबई, पोचल्याचे ठिकाणही मुंबई. धो धो पावसात विमान प्रवाशांसकट धावपट्टीच्या तोंडाशी पावणेदोन तास उभे राहिले होते आणि मग जागेवर परत आले होते. आमच्या साहेबांनी निकाल दिला, ‘उड्डाण झालंच नाही, मग भत्ता कसला?’ मी लाल शाईने नोंद खोडली. पुढच्या महिन्यात ते कॅप्टन खिडकीशी आले. मूळचे नगरकडचे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. म्हणाले, ‘तुमचा नियम बरोबर असेल, मला वाद घालायचा नाही. फक्त एवढं सांगा, त्या दिवशी मी उडालो असतो, तर पैसे मिळाले असते ना?’

मी म्हटले, ‘हो साहेब.’

त्यांनी वहीवर सही केली आणि गेले. निवृत्तीनंतर मी वैमानिकांच्या पगाराचा इतिहास शोधत बसलो, त्याचे मूळ त्या प्रश्नात आहे. शोधता शोधता ध्यानात आले की हा प्रश्न विमान-टपालाइतकाच जुना आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली, म्हणून मलाही तिकडेच जावे लागले.

एक शंका आधीच निकालात काढतो, कारण ती माझ्या घरातही विचारली गेली. ज्यांचा पगार आपल्या दसपट, त्यांच्या पगाराची चिंता आपण का करावी? माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना मजुरी उक्ती, म्हणजे जेवढे कापड तेवढे पैसे. सूत कच्चे आले की धागा वारंवार तुटे, साचा उभा राही, आणि सूत वडिलांनी कातलेले नसले तरी नुकसान त्यांचे होई. आजोबांनी १९२८ चा मुंबईचा मोठा संप पाहिला होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या संपात मुख्य भांडण दोन गोष्टींवरून होते : एका माणसाने किती यंत्रे सांभाळायची आणि उक्त्या कामाचे दर किती ठेवायचे. यंत्र सुधारले, माल वाढला. वाढलेल्या मालातला वाटा कोणाचा? शेवटी सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये वैमानिक आणि विमानकंपन्या नेमक्या याच प्रश्नावर समोरासमोर बसल्या. साचेवाल्याचा साचा थांबला तर त्याच्या घरची चूल अडचणीत येते. वैमानिक थांबायला हवा तेव्हा थांबला नाही तर मागे बसलेल्या सगळ्यांचे काय होते ते सांगायला नको. म्हणून हा विषय त्यांच्या पगारापुरता राहत नाही.

अमेरिकेत विमानाने टपाल न्यायला १५ मे १९१८ रोजी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी वॉशिंग्टनहून निघालेला लष्करी वैमानिक उत्तरेऐवजी दक्षिणेकडे गेला आणि थोड्याच अंतरावर एका शेतात उतरला, इतकी ती विद्या कच्ची होती. ऑगस्टमध्ये टपालखात्याने हे काम स्वतःच्या नोकरांकडे घेतले. खात्याचा हा विभाग ऑटो प्रेगर नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. विमान म्हणजे वेळापत्रकाने धावणारी टपालगाडी, असा त्याचा हिशेब. आणि टपालगाडी धुके पडले म्हणून थांबत नाही.

जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेल्मॉन्ट पार्कवर दाट धुके उतरले. हे खरे तर घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, टपालाची विमाने तिथून उडत. लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोन वैमानिकांनी अशा हवेत उडायला नकार दिला. प्रेगरने दोघांना कामावरून काढले. त्यावर बाकीच्या वैमानिकांनी विमाने उडवायचे थांबवले. संप फार दिवस टिकला नाही, पण मिटला तो एका गमतीदार तोडग्यावर. लीला परत घेतले, स्मिथला नाही. आणि ठरले असे की, हवा उडण्याजोगी आहे की नाही याबद्दल मैदानावरचा व्यवस्थापक आणि वैमानिक यांचे मत जुळले नाही, तर व्यवस्थापकाने स्वतः वर जाऊन हवा पाहून यावी. खुर्चीत बसून धुके पातळ वाटते. तेच डोक्यावरून वारे सुसाटत जाणाऱ्या उघड्या विमानात बसले की दाट होते.

या तोडग्याने नोकरी न गमावता नकार देण्याची सोय झाली. पैसे न गमावता नकार देण्याची मात्र झाली नाही. विसाच्या दशकात टपालखात्याने पगाराचे जे माप बसवले ते असे : मूळ पगार ठरलेला, आणि त्यावर उडालेल्या प्रत्येक मैलामागे पाच ते सात सेंट. रात्रीच्या मैलाला दुप्पट. रात्रीचा दर कसा कमावला जात असे त्याचे उदाहरण म्हणून फेब्रुवारी १९२१ मधली जॅक नाइटची रात्र सांगतात. नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटहून तो ओमाहाला आला. पुढचा टप्पा दुसऱ्याचा होता, पण तो वैमानिक हजर नव्हता. नाइटने तो मार्ग पूर्वी कधीच उडालेला नव्हता. तरी तो निघाला आणि शिकागोला पोचला. वाट दाखवायला खाली लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि रात्रीच्या विमान-टपालाला संसदेकडून पैसे मिळाले. १९१८ ते १९२७ या काळात टपालखात्याच्या नोकरीत तीसहून अधिक वैमानिक मेले.

मैलाचे माप वैमानिकाला आवडत असे, हे इथे सांगितले पाहिजे. तो कमाई करणारा माणूस होता; मैल जास्त म्हणजे पैसे जास्त. पण या मापाला एक काळी बाजू होती. मैदानावर धुके निवळण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाचा त्या दिवसाचा मैल शून्य. मूळ पगार हाच त्याचा आधार. तो जितका जाड, तितके ‘आज नाही’ म्हणणे स्वस्त. या सगळ्या इतिहासात मूळ पगार किती आणि कामावर मोजलेला भाग किती, हे प्रमाण मला मुद्द्याचे वाटते. आकडा मोठा की लहान हे त्यानंतरचे.

१९२५ च्या कायद्याने सरकारने टपालाचे काम खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. कंपन्यांनी वैमानिकांबरोबर त्यांच्या मैलाचा हिशेबही उचलला. कंपन्यांना स्वतःला मात्र सरकार पुढे वजनावर पैसे देऊ लागले. मग काय झाले असेल त्याचा अंदाज कोणाही दुकानदाराला येईल. कंपन्यांनी आपल्याच माणसांना टपालाने जाडजूड वस्तू पाठवल्याच्या, त्यात विटाही असल्याच्या, कथा अमेरिकन विमानांच्या इतिहासात आवडीने सांगितल्या जातात. १९३० मध्ये कायदा बदलून वजनाऐवजी विमानातल्या जागेवर पैसे द्यायचे ठरले. जागा हवी म्हणून मोठी विमाने आली, आणि मोठ्या विमानात टपाल नसेल तेव्हा माणसे बसवणे फायद्याचे झाले. ज्या गोष्टीवर पैसे मोजाल ती गोष्ट वाढते, मग ती वीट असो की खुर्ची.

आपल्याकडेही याच सुमारास, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ विमानात टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढचा बल्लारी-मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. सरकारने अनुदान नाकारले होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा संसार पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. मालकच वैमानिक असल्यामुळे ‘आज उडायचे की नाही’ याचा निर्णय आणि त्याचे नुकसान एकाच माणसाच्या अंगावर होते. आमच्या खिडकीवरचा प्रश्न त्या विमानसेवेत निघालाच नसता.

अमेरिकेत तो निघाला मंदीच्या दिवसांत. नोकऱ्या गेल्या होत्या, विमान चालवता येणारे बेकार तरुण दारोदार फिरत होते. कंपन्यांनी पगार खाली आणायला सुरुवात केली. शिवाय त्यांना मैलाचे माप काढून तासाचे आणायचे होते. २७ जुलै १९३१ रोजी शिकागोतल्या मॉरिसन हॉटेलात निरनिराळ्या कंपन्यांचे दोन डझन वैमानिक जमले आणि त्यांनी एअर लाइन पायलट्स असोसिएशन स्थापन केली. पुढारी डेव्हिड बेन्के, स्वतः चालू नोकरीतला वैमानिक. वैमानिक आपल्याला कामगार समजत नसत. गणवेश, हुद्दा, वर्तमानपत्रातली छायाचित्रे यांची सवय झालेली माणसे. तरी बेन्केने संघटना थेट अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरला, म्हणजे सुतार-लोहारांच्या महासंघाला, जोडून घेतली.

पहिली कसोटी सहा-सात महिन्यांत आली. ई. एल. कॉर्ड हा मोटारींचा कारखानदार. ऑबर्न आणि ड्यूझेनबर्ग या मोटारी त्याच्याच. त्याने सेंच्युरी एअर लाइन्स काढली होती. मोटार चालवणारा आणि विमान चालवणारा यांच्या मजुरीत एवढा फरक का, असा त्याचा रोकडा सवाल. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्याने पगार निम्म्याहून खाली आणला आणि जे कबूल होईनात त्यांना शिकागोच्या विमानतळावर बाहेर काढले. माणसे मूठभर होती, पण त्यांना वॉशिंग्टनमध्ये एक वकील मिळाला : फिओरेलो ला गार्डिया, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला, तेव्हाचा खासदार आणि पहिल्या महायुद्धातला वैमानिक. त्याने सभागृहात कॉर्डला फाडून खाल्ले. अर्ध्या दरात टपाल वाहून दाखवतो ही कॉर्डची बढाई कोणाच्या जिवावर होती, हे संसदेपुढे आले. टपालाचे कंत्राट मिळाले नाही आणि एप्रिलमध्ये कॉर्डने कंपनी विकून टाकली. वैमानिक जिंकले म्हणायचे, तर पुढच्याच वर्षी तोच कॉर्ड अमेरिकन एअरवेजच्या मालक कंपनीवर ताबा मिळवून बसला. इतिहासात खलनायक असे सहजी पडद्याआड जात नाहीत.

खरी लढाई मात्र यंत्राने आणली. १९३३ मध्ये बोइंग २४७ विमान आले. जुनी टपालविमाने ताशी शंभर मैलांच्या आसपास जात. हे सुमारे एकशे पंचावन्न मैल जाई. पाठोपाठ डग्लस कंपनीची विमाने येत होती. आता माझ्या जुन्या धंद्याप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करतो. महिन्याला पंच्याऐंशी तास उडणारा वैमानिक जुन्या विमानाने साडेआठ हजार मैल जाई. नव्या विमानाने तोच वैमानिक तेवढ्याच तासांत तेरा हजारांवर मैल जाणार. मैलाला सात सेंट दर धरला तर त्याची मैलांची कमाई महिना ५९५ डॉलरवरून ९२० च्या वर जाते. तासावर पैसे दिले तर ती जागच्या जागी राहते आणि वाढलेले साडेचार हजार मैल कंपनीच्या पदरात फुकट पडतात. मैल की तास, एवढ्या एका शब्दात हा सगळा पैसा अडकला होता.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. कंपन्या म्हणत : विमान आम्ही विकत घेतले, कर्ज आमच्या डोक्यावर, माणूस पूर्वीइतकेच तास बसतो, मग त्याला जास्त कशाला? वैमानिक म्हणत : वेग वाढला, प्रवासी वाढले, जोखीम वाढली, शिवाय तेवढेच मैल कमी माणसांत उरकणार, म्हणजे आमच्यातले अनेक घरी बसणार. परळच्या गिरणीत दोन साच्यांचे चार साचे झाले तेव्हा वडिलांच्या खात्यात झालेली भाषणे मी लहानपणी ऐकली आहेत. शब्द सोडले तर फरक नव्हता.

बड्या कंपन्यांनी तासाचे माप लागू करायचे ठरवले तेव्हा बेन्केने देशभर संपाची धमकी दिली. प्रकरण रूझवेल्ट सरकारच्या नव्या नॅशनल लेबर बोर्डापुढे गेले. बोर्डाचे अध्यक्ष सिनेटर रॉबर्ट वॅग्नर. बोर्डाने न्यायाधीश बर्नार्ड शिनटॅग यांच्या समितीकडे तपास दिला. हे चालू असतानाच १९३४ च्या फेब्रुवारीत एक वेगळेच नाट्य घडले. टपालाच्या कंत्राटांत लबाडी झाल्याच्या आरोपावरून रूझवेल्टने सगळी कंत्राटे रद्द केली आणि टपाल लष्कराच्या वैमानिकांकडे सोपवले. हिवाळा कडाक्याचा, लष्करी पोरांना रात्रीच्या आणि ढगांतल्या उड्डाणाचा सराव नाही. काही आठवड्यांत डझनभर लष्करी वैमानिक मेले. कंपन्यांचे वैमानिक ज्या कामाचे पैसे मागत होते ते काम सोपे नाही, हे याहून भीषण रीतीने सिद्ध होणे शक्य नव्हते. कोणाला ते तसे सिद्ध व्हायला नको होते, ही गोष्ट निराळी.

१० मे १९३४ रोजी बोर्डाचा निकाल आला. क्रमांक ८३. अमेरिकन वैमानिकांत तो नुसत्या ‘डिसिजन एटी-थ्री’ या नावाने ओळखला जातो. मैल की तास या प्रश्नाला बोर्डाने उत्तर दिले : दोन्ही. पगाराला तीन पाय दिले. पहिला, मूळ पगार, नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढत जाणारा. दुसरा, उडालेल्या तासाचा दर. पण हा दर विमानाच्या वेगाप्रमाणे चढता, आणि दिवसापेक्षा रात्री जास्त. तिसरा, ठरलेल्या वेगाच्या वर गेले की मैलामागे थोडी भर. म्हणजे वेगाच्या नफ्यातला काही वाटा वैमानिकाला आणि उरलेला कंपनीला. शिवाय महिन्याला पंच्याऐंशी तासांच्या वर कोणाला उडवायचे नाही.

पगारपत्रके करण्यात हयात घालवलेल्या माणसाला हा निकाल वाचताना जो आनंद होतो तो इतरांना समजावून सांगणे अवघड आहे. त्यात कोणी कोणाला चांगला-वाईट म्हटलेले नाही. नुसते रकाने आखले आहेत. पण पहिल्या रकान्यामुळे धुक्याच्या दिवशी घर चालते, दुसऱ्यामुळे काम केल्याचे पैसे मिळतात, तिसऱ्यामुळे यंत्राची सुधारणा एकट्या मालकाच्या खिशात जात नाही, आणि पंच्याऐंशीच्या मर्यादेमुळे जास्त पैशाच्या मोहाने माणूस स्वतःला पिळून काढू शकत नाही. ही मर्यादा वैमानिकाला त्याच्या स्वतःच्या लोभापासूनही वाचवते; संघटनेने ती आपणहून मागावी याचे मला अजून कौतुक वाटते.

१९३८ च्या नागरी विमान-वाहतूक कायद्यात निकाल क्रमांक ८३ नावानिशी घातला गेला. अमेरिकेच्या विमान-कायद्यात तो आजही जागेवर आहे. त्यातले डॉलरचे आकडे आता हास्यास्पद झाले आहेत, पण कलम तसेच आहे. वाड्यात आजोबांची काठी कोपऱ्यात उभी असावी तसे.

पुढचा भाग भरभर सांगतो, कारण तिथे भांडणे पुष्कळ असली तरी कल्पना जुन्याच आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर चार इंजिनांची मोठी विमाने आली. त्यांच्या पगारावरून १९४६ मध्ये टीडब्ल्यूएच्या वैमानिकांचा संप झाला आणि त्यानंतर विमानाचे वजन हाही पगारात एक हिशेब झाला. मोठ्या विमानाचा कॅप्टन लहान विमानाच्या कॅप्टनपेक्षा जास्त का मिळवतो, याचे उत्तर इथे आहे. जेट आले तेव्हा तोच वाद वेगाच्या नव्या आकड्यांनी झाला. ज्या बेन्केने हे उभारले त्याला त्याच्याच संघटनेने १९५१ मध्ये बाजूला केले. दोन वर्षांनी तो वारला.

१९७८ मध्ये अमेरिकेने भाडी आणि मार्ग यांवरचे सरकारी नियंत्रण काढले. स्वस्त तिकिटांचे युग आले. १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून जुने करार मोडले आणि पगार निम्म्यावर आणले. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने दुहेरी श्रेणी काढली : जुन्यांना जुना पगार, आजपासून येणाऱ्यांना वेगळा, कमी. एकाच विमानात, एकाच कामाला दोन मापे. युनायटेडच्या वैमानिकांनी १९८५ मध्ये याविरुद्ध २९ दिवस संप केला. हे वाचताना मला गिरणीतला ‘बदली’ आठवला. तोच साचा, तेच कापड. पण त्याचा हक्क दारावर रोज सकाळी नव्याने ठरायचा.

या घसरणीचा तळ २००९ च्या पहिल्या दोन महिन्यांत दिसला. १५ जानेवारीला कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवले आणि सगळे १५५ जण वाचले. महिनाभराने संसदीय समितीपुढे त्यांचा सत्कार होत असताना या मनुष्याने सांगितले ते असे की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतन जवळजवळ बुडाले आहे. या दोन घटनांच्या मध्ये, १२ फेब्रुवारीला, बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले. जमिनीवरचा एक धरून पन्नास माणसे मेली. चौकशीत अपघाताचे कारण कॅप्टनने विमान चुकीच्या रीतीने हाताळले हे ठरले. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. सहवैमानिक तरुणीचा पगार इतका कमी होता की ती नोकरीच्या गावाजवळ घर करू शकत नव्हती. देशाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलला आईवडिलांकडे राहायची, आणि आदल्या रात्री मालवाहू विमानांतून प्रवास करत कामावर आली होती. तिला बरे वाटत नव्हते, हेही ध्वनिमुद्रणात ऐकू आले. आजारी म्हणून माघारी जायचे तर त्या गावात राहायचे कुठे आणि खर्च कोणाचा? पगाराने अपघात केला असे कोणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण ‘आज मी उडत नाही’ या वाक्याची किंमत तिच्या हिशेबात किती होती, ते कोणत्याही पगार-कारकुनाला काढता येईल.

त्यानंतर सहवैमानिकाच्या परवान्याच्या अटी कडक झाल्या, वैमानिकांची टंचाई झाली आणि चक्र उलटे फिरले. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मिळवला.

आता परत सांताक्रूझला. आपल्याकडे पगाराचा तिसरा पाय नाही, दोन आहेत. ठरलेला पगार आणि उड्डाणाच्या तासांचा भत्ता. पण या भत्त्याला खालून एक आधार असे : महिन्यात उड्डाणे कमी मिळाली तरी ठरावीक तासांचे पैसे नक्की. बहुतेक ठिकाणी हा आकडा सत्तर तासांचा. सत्तर तास उडा किंवा न उडा, सत्तरचे पैसे. त्यावर उडालात तर वरचे वेगळे. बाहेरच्याला हे लाड वाटतात. निकाल ८३ वाचलेल्याला कळते की हा आपला धुक्याच्या दिवसाचा रकाना आहे. फक्त तो मूळ पगाराच्या नावाने न लिहिता तासांच्या नावाने लिहिला आहे. आणि तासांच्या नावाने लिहिल्यामुळेच तो कापायला सोपा आहे.

करोनाच्या काळात विमाने जमिनीवर आली तेव्हा, जुलै २०२० मध्ये, एअर इंडियाने उड्डाणभत्त्याचा दर चाळीस टक्क्यांनी उतरवला आणि सत्तर तासांची हमी वीस तासांवर आणली. महामारीत सगळ्यांचेच हात दगडाखाली होते. ते समजण्यासारखे होते. पण महामारी ओसरल्यावर, २०२३ मध्ये, कंपनी टाटांकडे परत आल्यानंतर जी नवी वेतनरचना आली तिच्यात हमीचे तास चाळीस ठेवले गेले. एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्ताराच्या वैमानिकांपुढे सत्तरऐवजी चाळीसचा तोच करार आला, आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वैमानिक पुरेनात म्हणून त्या कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली. वर्तमानपत्रांनी ‘वैमानिकांची पगारासाठी अडवणूक’ असे मथळे दिले. चाळिशीच्या पुढे उडणाऱ्याला तासाला वेगळे पैसे होतेच, त्यामुळे भरपूर उडणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, असे कंपनीच्या बाजूने म्हणता येत होते, आणि ते खरेही होते. भरपूर उडणाऱ्याचे कधीच बिघडत नाही. बिघडते ते तापाने फणफणलेल्याचे, रात्रभर झोप न लागलेल्याचे, पावसात धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्याचे.

जुन्या कचेरीतले एक सहकारी अजून भेटतात. विस्ताराची बातमी आली त्या आठवड्यात आम्ही दोघे पार्ल्याला चहा पीत होतो. मी त्यांना त्या जुलैतल्या अहवालाची आठवण करून दिली. त्यांना कॅप्टन आठवत होते, नोंद आठवत नव्हती. म्हणाले, ‘एक तास पन्नास मिनिटं. चाळीसच्या आतलीच असणार, हमीत गेली असती. खोडली काय, ठेवली काय, फरक पडला नसता.’

मी म्हटले, तेव्हा आकडा सत्तर होता, आणि त्या महिन्यात कॅप्टनचे तास एकोणसत्तरच्या वर गेले होते. म्हणून तर ते खिडकीवर आले.